रोजच्या प्रार्थनेची कैफियत

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. चकली खुसखुशीत असावी, विनोद हलका असावा आणि लेखकाने वाचकाच्या दुपारच्या झोपेत व्यत्यय आणू नये, एवढीच या दिवसांत अपेक्षा असते. तरीही मी आज भांडावयास बसलो आहे. माझा पक्ष दुबळा आहे. त्याच्यामागे झेंडा नाही, मंडप नाही, ध्वनिक्षेपक तर नाहीच नाही. सकाळी शास्त्रातला एक अध्याय वाचणे, जेवणापूर्वी दोन वाक्ये म्हणणे, दिवेलागणीला घरच्या माणसांनी एकत्र बसून प्रार्थना करणे आणि निजण्यापूर्वी दिवसाचा जमाखर्च मनाशी मांडणे, या चार क्षुल्लक गोष्टींचे वकीलपत्र मी घेतले आहे. सगळे मिळून अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासाला अलीकडे इतकी माणसे हसू लागली आहेत की, त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहणे मला भाग वाटते.

प्रथम माझी ओळख देतो. मी ख्रिस्ती आहे आणि निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंकुशनगर हे आमचे राहण्याचे ठिकाण. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती. तिला अंकुशराव टोपे यांचे नाव आहे. कारखान्याच्या नावातले समर्थ म्हणजे रामदास. त्यांचे जन्मगाव जांब हे शेजारच्याच घनसावंगी तालुक्यात. पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि जिथे ज्वारी पिकत होती तिथे ऊस उभा राहिला. अशा या उसाच्या आणि समर्थांच्या मुलखात आमचे एक ख्रिस्ती घर. दिवाळीत शेजारची फराळाची ताटे आमच्याकडे येतात. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. या देवाणघेवाणीत धर्म कधी आडवा आलेला मला आठवत नाही.

आमच्याकडे दिवाळी आणि गळिताचा हंगाम हातात हात घालून येतात. बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि उसाने लादलेल्या गाड्यांची रांग लागते. तोडणीच्या टोळ्या येऊन रानात कोप्या घालतात. आपल्या अंगणात आकाशकंदील लागतो तेव्हा त्यांच्या कोपीपुढे तीन दगडांची चूल पेटलेली असते. हे सारे मी उगाच सांगत नाही. माझ्या कैफियतीतला सर्वांत मोठा साक्षीदार या कोपीतूनच यावयाचा आहे.

आता प्रतिपक्षाकडे वळू. त्यात दोन गट आहेत आणि गंमत अशी की, या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. फक्त माझ्या अर्ध्या तासाला नावे ठेवण्यापुरते ते एकत्र येतात.

पहिला गट मंडपवाल्यांचा. हे माझेच धर्मबंधू. यांची भक्ती वर्षातून तीन रात्री होते. पण काय होते म्हणून सांगू! मैदानावर मंडप पडतो, वाद्ये वाजतात, व्याख्याते आगगाडीने आणि विमानाने येतात, लोक रडतात, ओरडतात, हात उंचावतात. अशाच एका सभेत मी एका वक्त्याला सांगताना ऐकले, "वीस वर्षांच्या पोपटपंचीने जे होणार नाही ते आज रात्री होईल!" टाळ्यांचा गजर झाला. मीही भिडेखातर दोन वाजवल्या. पुढच्या आठवड्यात त्या मंडपातल्या दोघाजणांची देवळाच्या आवारात पाण्याच्या नळावरून अशी जुंपली की, पाळकसाहेबांना मध्ये पडावे लागले. ती रात्र खोटी होती असे मी म्हणत नाही. रात्र खरीच होती. पण रात्रीनंतर सकाळ होते आणि सकाळी काय करावयाचे, हे वक्त्याने सांगितले नव्हते.

हे लोक मोठ्या अभिमानाने केडगावच्या मुक्तिसदनाचे नाव घेतात. अवश्य घ्यावे. पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची वार्ता देशोदेशी गेली. मुली रात्र रात्र प्रार्थनेत बसत, पश्चात्तापाने रडत. मात्र ही हकीकत सांगताना आमचे वक्ते तिची सुरुवात जूनमध्ये करतात. खरी सुरुवात जानेवारीत आहे. रमाबाईंनी त्या महिन्यात मुलींपुढे गोष्ट काढली आणि काही मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या. त्यांची संख्या वाढत गेली आणि शेकडो मुली दिवसातून दोनदा बसू लागल्या. जानेवारी ते जून हे पाच-सहा महिने काय घडत होते? काहीच नाही! दळण होत होते, विणकाम होत होते, आजाऱ्यांची शुश्रूषा होत होती आणि ठरल्या वेळी त्या मुली गुडघे टेकीत होत्या. या 'काहीच नाही' मधून तो जून आला. आमच्या मंडपवाल्यांना जून हवा आहे. जानेवारीच्या पहाटे उठावयास कोणी तयार नाही.

आणि जून संपल्यावर रमाबाईंनी काय केले? त्या पुन्हा मेजाशी बसल्या. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. अडाणी बाईलाही कळावे अशी ती भाषा असावी, हा त्यांचा आग्रह. १९२२ साली त्यांनी देह ठेवला, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. जागरणाची बातमी जगभर गेली. या रोजच्या पानाची बातमी कोणी छापली? पण ज्या बाईंच्या घरी ते जागरण झाले, त्यांनी आपले उरलेले आयुष्य रोजच्या पानावर खर्चले. यातून शिकावयाचे ते शिकावे.

दुसरा गट सुशिक्षितांचा. यांत माझा एक पुतण्या आहे, म्हणून जरा जपून लिहितो. हे लोक मंडपाला नाके मुरडतात, तेव्हा मला बरे वाटते, पण लगेच माझ्याकडे वळून म्हणतात, "काका, काम हीच प्रार्थना. प्रामाणिकपणे नोकरी करावी, कोणाचे वाईट चिंतू नये. ठरलेल्या वेळी ठरलेले शब्द म्हणायची गरजच काय?" वाक्य फार देखणे आहे. ते भिंतीवर लावण्यास उत्तम. माझी अडचण एवढीच की, काम हीच प्रार्थना म्हणणाऱ्यांचे काम मी पाहिले आहे. काम चांगले करतात. पण काम करता करता देवाची आठवण किती वेळा झाली असे विचारले, तर ते हसतात. प्रार्थनेचे काम झाले नाही. प्रार्थना तेवढी गेली.

या पक्षाचा एक आवडता दाखला आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता. आधीचा शिपाई, लढाईत जखमी झालेला. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या गोंगाटातही त्याला देवाचे सान्निध्य तितकेच जाणवे, जितके देवळात जाणवे. १६९१ साली तो वारला. त्याच्या आठवणींचे लहानसे पुस्तक आजही जगभर वाचतात. "पाहा," हे लोक म्हणतात, "त्याला भांडी पुरली!" अहो, पण भांडी पुरण्याआधी काय झाले तेही वाचा. तो कार्मेल पंथाचा मठवासी होता. घंटा झाली की उपासना, पुन्हा घंटा झाली की पुन्हा उपासना, हा त्याचा दिवस. शिवाय पहिली सुमारे दहा वर्षे आपली फार तगमग झाली, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. दहा वर्षे घंटेला उठणाऱ्याला शेवटी भांड्यांत देव सापडला. आपण घंटाही ऐकणार नाही आणि भांडीही दुसऱ्याकडून घासून घेणार. मग देव कुठे सापडावा?

आमच्या मराठी मातीत तर हा वाद उपस्थितच होऊ नये. वारकऱ्याला हरिपाठ का म्हणतोस असे कोणी विचारीत नाही. रामदासांचे मनाचे श्लोक घरोघर पोरांच्या तोंडी बसले ते रोजच्या म्हणण्याने बसले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून तिन्हीसांजेला दिवा लावून मुलांना हात जोडावयास लावतात. आम्ही ख्रिस्ती माणसे काही आभाळातून पडलो नाही. आमची भक्तीही याच वळणाने गेली. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास आला, मराठी शिकला आणि ओवीछंदात त्याने ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते छापून निघाले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या कानांना काहीतरी हवे होते. दहा हजारांवर ओव्या कोणी एका रात्रीत ऐकत नाही. त्या थोड्या थोड्या, पुन्हा पुन्हा ऐकावयाच्या असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांत प्रार्थना लिहिल्या, त्याही दळताना, चालताना म्हणता याव्यात अशाच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पूल एकदा ओलांडून जाळून टाकावयाचा असतो असे त्यांना वाटले नाही.

आणि टिळकांच्याच घरची दुसरी गोष्ट. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मध्ये पाच वर्षे. एकाच घरातल्या दोन माणसांमध्ये पाच वर्षांचे अंतर! 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, या बाईचे मन कोणत्या व्याख्यानाने एकाएकी बदलले नाही. सोवळेओवळे, जात, पाण्याचे भांडे, एकेक गोष्ट रोजच्या जगण्यात समोर आली, तिला बाई अडल्या, भांडल्या, हसल्या आणि मग पुढे सरकल्या. आत्मिक वाढ म्हणतात ती अशी चालते. झाडाला ओढून उंच करता येत नाही.

आता कठीण आक्षेपाकडे येतो. मंडपवाले आणि सुशिक्षित यांना मी सहज परतवून लावले, असे वाटत असेल तर थांबा. तिसरा एक आक्षेप आहे आणि तो घेणारा माणूस माझ्याच अंगरख्यात राहतो. तो म्हणतो, "गुरुजी, तुम्ही चाळीस वर्षे हा अर्धा तास चुकवला नाहीत. मग तुमच्या धाकट्या भावाचे काय?"

सांगितलेच पाहिजे. जालन्याकडे आमच्या वडिलार्जित गावी आमची थोडी जमीन आणि एक सामाईक विहीर आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून आम्हा दोघा भावांत बोलाचाली झाली. पाळीवरून गोष्ट बांधावर गेली, बांधावरून कोर्टात गेली. दावा मी लावला. कागद माझ्या बाजूने होते आणि मी शिकलेला होतो. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई गेली तेव्हा आम्ही तिला एकत्र खांदा दिला आणि तेव्हाही बोललो नाही.

आणि या अकरा वर्षांत माझ्या घरी दिवेलागणीची प्रार्थना एक दिवस चुकली नाही! प्रभूने शिष्यांना शिकवलेली जी प्रार्थना प्रत्येक ख्रिस्ती घरात म्हणतात, तिच्यात एक मागणे आहे: आम्ही आमच्या अपराध्यांना जशी क्षमा केली तशी तू आम्हांला कर. मागणे कसले, स्वतःच स्वतःला घातलेला पेच आहे. रोज एकदाच म्हटली असे धरले, तरी चार हजारांवर वेळा मी तो पेच स्वतःला घातला आणि चार हजारांवर वेळा त्यातून निसटून पुढच्या शब्दावर गेलो. जीभ इतकी सराईत झाली होती की, तिला खड्डा लागतच नव्हता. पोपटपंची म्हणतात ती हीच. मंडपातला वक्ता माझ्याविषयी अक्षरशः खरे बोलला होता. म्हणूनच मी टाळ्या वाजवल्या असतील!

चार वर्षांपूर्वीच्या हंगामात आमच्या घरामागच्या रानात एक टोळी उतरली. तीत एक जोडपे ख्रिस्ती होते. बाई भाकरी थापताना एक ख्रिस्ती भजन गुणगुणत होती, त्यावरून सौ.ने ओळखले. दोघांनाही वाचता येत नव्हते. बाईने मला विचारले, "गुरुजी, सांजच्याला येऊन थोडं वाचून दाखवता का? देवळात जाणं तर आता पाडव्यापातूर व्हत न्हाई."

ते खरेच होते. तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. पहाटेच्या अंधारात फडात शिरावयाचे, ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची. तोडलेला ऊस फार वेळ पडून चालत नाही. चोवीस तासांत चरकात गेला नाही तर साखरेचा उतारा घटू लागतो. कारखाना रविवारसाठी थांबत नाही. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत या माणसांना ना देऊळ, ना पाळक, ना उपदेश. आता मी प्रतिपक्षाला विचारतो: तुमचा मंडप यांच्या रानात येतो काय? आणि काम हीच प्रार्थना, हे वाक्य या बाईला तिच्या मोळीखाली उभे राहून ऐकवण्याची तुमची तयारी आहे काय? तिच्यापाशी एकच धर्म उरतो: जो कोपीत मावतो. दोन वाक्ये भाकरीपूर्वी आणि चार वाक्ये निजण्यापूर्वी. त्यालाच तुम्ही क्षुल्लक म्हणता.

मी दर बुधवारी जाऊ लागलो. ताडपत्रीची कोपी, आत एक दिवा, चुलीवर कालवण, पोरे अंगाला अंग लावून बसलेली. मी एक उतारा वाचीत असे. मग सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एका बुधवारी आम्ही त्या मागण्यापाशी आलो आणि बाई थांबली. मी पुढच्या शब्दावर पोचलो होतो. मागे पाहतो तो ती गप्प.

"गुरुजी, जरा थांबा," ती म्हणाली, "मला जाऊन यावं लागतंय."

कोपीच्या आडोशाला वाढ्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते जनावरांच्या वैरणीला विकून या माणसांच्या हाती रोजचा चार पैशांचा मीठमिरचीचा खर्च येतो. पलीकडच्या कोपीतल्या बाईने सकाळी हिच्या पेंढ्या उचलल्या होत्या, शिव्याही दिल्या होत्या. म्हणून दुपारी रागाच्या भरात हिने तिच्या दोन पेंढ्या ओढून आणल्या होत्या. हे मला मागाहून कळले. त्या वेळी एवढेच दिसले की, तिने दोन पेंढ्या काखेत मारल्या आणि अंधारात निघून गेली. पलीकडून आधी चढलेले आवाज आले, मग उतरले. नवरा चुलीकडे पाहत पुटपुटला, "रोज काय ना काय हाय हिचं. भाकरी गार व्हती ना."

बाई परत आली, पदराने हात पुसून जागेवर बसली आणि म्हणाली, "हं. म्हणा आता."

मी म्हणू शकलो नाही. तिनेच प्रार्थना पुरी केली.

त्या रात्री घरी दिवेलागणीची प्रार्थना उशिरा झाली. त्या मागण्यापाशी माझा आवाज पुन्हा अडला. सौ.ने विचारले, "का हो, थांबलात?"

"घसा बसलाय," मी म्हणालो.

"तो अकरा वर्षे बसलाय," ती म्हणाली आणि देवाच्या साक्षीने पुढे काही बोलली नाही.

आठ दिवस हाच प्रकार चालला. बाकीची प्रार्थना सरळ जाई; त्या एका मागण्यापाशी गाडा रुते. नवव्या दिवशी मी एस.टी.ने गावी गेलो. भाऊ ओट्यावर बाजेवर बसला होता. "ये" म्हणाला नाही. भावजयीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी वाटेत जुळवलेले भाषण म्हणू लागलो, तेव्हा त्याने मध्येच विचारले, "दादा, दावा काढून घेतलास का?"

मी काढून घेतला नव्हता. तसाच उठून परत आलो. क्षमेचे भाषण तयार होते. कागद मात्र वकिलाच्या कपाटात सुरक्षित होता! पुढच्या तारखेला मी दावा काढून घेतला. त्यानंतर काही आम्ही गळ्यात गळे घालून रडलो नाही. मोटारीच्या पाळीवरून आजही कुरबुर होते. पण पुतणीच्या लग्नात मी दारात उभा राहून पाहुण्यांचे स्वागत केले आणि भाऊ आजारी पडला तेव्हा दवाखान्यात रात्री मी त्याच्या उशाशी होतो. एवढेच झाले. माझ्या आत्मिक वाढीचा हिशेब कोणी मागितला तर मला एवढाच दाखवता येतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, "म्हणजे अकरा वर्षांच्या प्रार्थनेने काही झाले नाही, झाले ते त्या बाईमुळे." मी म्हणतो, बाई तिथे का थांबली? ती रोज म्हणत होती म्हणून. आणि तिचे थांबणे मला का लागले? मीही रोज म्हणत होतो म्हणून. ते मागणे माझ्या जिभेवर नसते, तर एका मजूर बाईने दोन पेंढ्या परत केल्या, ही गंमत म्हणून मी सौ.ला सांगितली असती आणि जेवून झोपलो असतो. चार हजार वेळा पोकळ म्हटलेले शब्द त्या दिवशी माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. पोपटपंचीचासुद्धा हा उपयोग आहे. पोपट निदान ते शब्द जिवंत ठेवतो.

आणि इथेच माझे सांगणे येते. रोजची प्रार्थना मनःशांतीसाठी करावी, असे पुष्कळ सज्जन सांगतात. मला तसे वाटत नाही. मनःशांती तर मला अकरा वर्षे भरपूर होती! झोप उत्तम लागत होती. रोजची प्रार्थना करावयाची ती ठेच लागावी म्हणून. तेच वाक्य, त्याच वेळी, त्याच माणसांच्या देखत म्हणावयाचे. केव्हातरी असा दिवस उगवतो की, ते खोटेपणाने म्हणता येत नाही. त्या दिवशी माणूस बोटभर वाढतो. पौलाने इफिसकरांना लिहिले की, सूर्य मावळण्याच्या आत राग सोडावा. तोडलेल्या उसाप्रमाणे रागाचेही आहे. दिवस उलटला की, आतली साखर जाते आणि आंबूस तेवढे उरते. मोठ्या रात्री माणसाला हलवतात, कबूल. पण अमुक पेंढी अमुक बाईला आज परत दे, इतके बारीक बोलणे रोजच्या प्रार्थनेलाच जमते.

एक शंका राहिली. ती विचारणाऱ्याविषयी मला आदर आहे. "या मजुरांना प्रार्थना काय सांगता? त्यांना चांगली मजुरी द्या, त्यांच्या पोरांना शाळा द्या." द्याच! मी जन्मभर शाळाच चालवली. ऐन हंगामात आईबापांबरोबर गेलेल्या मुलांची हजेरीपटावरची रिकामी घरे मी स्वतः पाहिली आहेत. प्रार्थना हा मजुरीचा मोबदला नाही आणि तसा तो जो सांगेल त्याला देवाच्या दारी जाब द्यावा लागेल. पण त्याच प्रार्थनेत भाकरीचे मागणे आहे आणि ते 'आमची' भाकरी असे आहे, 'माझी' असे नाही. ज्याच्या ताटात भाकरी आहे त्याने ते मागणे रोज म्हणावे आणि त्या 'आमची' पाशी एकदा अडखळून पाहावे. ठेच मजुरालाच लागावी, असा काही नियम नाही. आणि माझ्या माहितीप्रमाणे, ज्या बाईने पलीकडच्या कोपीत जाऊन पेंढ्या परत केल्या, तीच हंगामाच्या शेवटी उचलीच्या हिशेबासाठी मुकादमापुढे पदर खोचून उभी राहिली होती. खरे बोलण्याची सवय एकदा लागली म्हणजे ती कुठे थांबावयाची हे कोणी सांगावे?

तेव्हा वाचकहो, माझे मागणे लहान आहे. आपण कोणत्याही धर्माचे असा. दिवाळीच्या चार दिवसांत दारात पणत्या लागतील तेव्हा घरच्या मंडळींनी पाच मिनिटे एकत्र बसावे. जे शब्द आजीकडून आले असतील तेच म्हणावेत. नवे शोधू नयेत. कंटाळा येईल, येऊ द्यावा. मुले चुळबुळ करतील, करू द्यावी. शब्द पोकळ वाटतील; तरी म्हणावे. भाऊबीजेला ज्या भावाकडे, ज्या बहिणीकडे जाणे सुटले आहे त्यांचे नाव मध्येच आठवले, तर प्रार्थना तिथेच थांबवावी आणि उठावे. ओवाळणीचे तबक गार झाले तरी चालेल.

यंदाही गळीत सुरू झाले आहे. हे लिहीत असताना खिडकीबाहेरच्या रस्त्याने उसाच्या गाड्या चालल्या आहेत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो आहे. ते जोडपे या वर्षी आमच्या रानात उतरलेले नाही. कुठल्या कारखान्याकडे गेले, कोण जाणे. दिवेलागण झाली आहे. सौ.ने आतून हाक मारली. आज कुठे ठेच लागते ते पाहावयाचे आहे.